बरणीच्या तळाचा पांढरा साका

सगळ्यात आधी निर्मला मॅडमचं नाव घेतो, मंग बाकीचं सांगतो, कारण की मी आज तुमच्यासमोर खुर्चीवर बसून, माणसाच्या हृदयाची भिंत किती जाड पाहिजे अन् किती नाही, हे मोठ्या माणसासारखं सांगून राह्यलो ना, हे सगळं त्या बाईचं देणं आहे. त्या कोकणातल्या, उंचीनं एवढ्याशा, चिरफाडीच्या टेबलापाशी पाटावर उभ्या राहून काम करत, अन् केसाचं रबर सापडलं नाही का पट्टीच्या कापडाचा तुकडा फाडून बांधून घेत. तोंडानं कडक. मेल्या म्हटल्याशिवाय त्याईचं वाक्य सुरू होत नव्हतं, अन् आमचं कामच मेलेल्याचं, तं पहिले पहिले मले समजेच ना का हाक मले आहे का टेबलावरच्याले.

मी इकडचा नव्हे. माहं गाव बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्याही पलीकडे, यवतमाळहून सकाळी निघालं तं दोन यष्ट्या बदलून दिवे लागायच्या टायमाले पोचते माणूस. शाळा पाचवीत सोडली. काहून सोडली म्हणाल, तं भेवानं. घरची अडचण होती, नाही असं नाही, पण खरं कारण भेव. गुरुजी उभं करून वाचायले लावत, अन् उभं राह्यलं का माह्या छातीत असं धडधड होये का पुस्तकातली अक्षरं मुंग्यासारखी पळून जायची. पोट्टे हासत. एक दिवस दप्तर घेऊन निघालो ते शाळेत गेलोच नाही, मामाच्या वावरात जाऊन बसलो, अन् मंग रोजच तसं. मायनं एकदा मारलं, दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा म्हणाली जाऊ दे, ढोरं चार.

पुढे मामेभाऊ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सुताच्या कारखान्यात होता, त्यानं बोलावलं, म्हणून यवतमाळले आलो. वरीस दीड वरीस झालं, कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात मी. मंग एका मोठ्या दवाखान्यात ठेकेदाराकडून सफाईले लागलो. तिथं शवागारात कोणी टिकत नव्हतं, नवा माणूस आला का त्याले तिकडे लोटत, तसं मले लोटलं. मी तं जनमाचा भेकड. पण काय सांगू तुम्हाले, जित्या माणसाच्या समोर माह्या तोंडाले कोरड पडे, मेलेल्यापुढे पडत नव्हती. ते हासत नाहीत. ते वाच म्हणत नाहीत. टिकलो मी तिथं. गावाकडे मायले एवढंच सांगतलं का दवाखान्यात आहे. बायको, राधा तिचं नाव, तिले मात्र माहीत होतं, ते मोरीत कडुलिंबाचा पाला टाकून ऊन पाणी काढून ठेवे, अंग धुतल्याशिवाय चुलीकडे येऊ नका म्हणे, पण ताट कधी दुरून सरकवलं नाही तिनं.

तं मॅडम तिथल्या चिरफाड करणाऱ्या मोठ्या डॉक्टर, अन् त्याईचा एक अभ्यास चालू होता. इकडे मरण नाना प्रकारचं येते. साप चावून येते, पावसाळ्यात वीज पडून येते, अन् विजेनं मेलेल्याच्या कातडीवर झाडाच्या फांदीसारखी नक्षी उमटते, ते मी पाह्यली. पांढरकवड्याच्या रस्त्यावर ट्रकखाली येते. फवारणीचं औषध पोटात जाऊन येते. ह्या सगळ्याले कारण दिसते. पण तरणा, हट्टाकट्टा माणूस चालता चालता पडते अन् संपते, त्याचं काय? लोकं म्हणतात बाहेरचं लागलं, देवी कोपली, नाही तं कोणी तरी काही खाऊ घातलं. मॅडम म्हणत, गजानन, माणूस उगाच मरत नाही रे, आपण शोधत नाही एवढंच. तशा प्रत्येकाचं हृदय त्या अख्खं काढून ठेवत, उभं आडवं कापून मोजत, काचेच्या पट्टीवर तुकडा घेऊन दुर्बिणीखाली पाहात, अन् घरच्याईले विचारत का तुमच्या घरी असं आधी कोणी गेलं काय. घरच्याईले वाटे ही बाई चौकशी करून राह्यली, ते सांगतच नव्हते.

आता दोन पाण्याचं समजून घ्या, कारण की सगळं रामायण त्याच्यावरच आहे. विषाचा संशय असला का पोट, काळीज म्हणजे लिव्हर, मूत्रपिंड मिठाच्या पाण्यात ठेवा लागते. मीठ एवढं घालाचं का विरघळता विरघळत नाही, तळाशी पांढरं बसून राह्यलं पाहिजे. अन् दुर्बिणीखाली पाहायचा अवयव असला, जसं हृदय, तं ते फॉर्मॅलिन नावाच्या झोंबऱ्या औषधात. उलटं झालं का दोन्ही गेलं. विषाचं फॉर्मॅलिनमध्ये पडलं का तपासणीवाले म्हणतात आम्हाले आता काही सांगता येत नाही, अन् हृदय मिठात मुरलं का त्याचं लोणचं झालं समजा. आमच्याकडे दोन्ही सारख्याच पांढुरक्या कॅनमध्ये भरून ठेवत. वरती नाव लिहेल होतं, मोठ्या अक्षरात. पण मी ते वाचत नव्हतो. वाचता येत नव्हतं असंही नाही, एक एक अक्षर लावून आलं असतं, पण कोणासमोर ओठ हालवत वाचायची लाज. माही आपली वेगळी रीत होती. कॅन उजेडाकडे धरून तिरपा करायचा, तळाशी पांढरा साका दिसला का मीठ, नितळ दिसलं का फॉर्मॅलिन. वासाचं म्हणाल तं त्या खोलीत सहा महिने काढा, नाक मरून जाते. ह्या रीतीवर मी चार वर्षं काढली अन् एकदाही चुकलो नाही, म्हणून स्वतःले लय हुशार समजत होतो.

ते साल लय थंडीचं. सकाळी नळाचं पाणी बोटाले चावे. दुपारी पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमधून एक पोरगा आणला. संतोष त्याचं नाव, तिशीच्या आतला, दंड असे का आपल्या मांडीएवढे. जेवणाच्या सुट्टीत घरचा डबा खाल्ला, वांग्याची भाजी अन् भाकर, उठला, कापसाचा गाडा ओढायले लागला अन् तिथंच पालथा पडला. बस. संगं त्याचा धाकटा भाऊ दिनेश, अन् बायको सविता. ते पोरगी कोपऱ्यात पायरीवर बसेल, कोणी तिच्याजवळ बसे ना. आदल्या दिवशी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालतं, सगळ्या वस्तीनं ऐकलं होतं. अन् दिनेश सगळ्या आवारात ओरडून राह्यलता का वयनीनं डब्यात काही तरी घातलं, माह्या भावाले मारलं, हिले सोडू नका. पोलिसातले जमादारसाहेब तिच्याकडे पाहात होते अन् कागदावर लिहत होते.

मॅडमनं चिरफाड केली. हृदय हातात घेऊन जराशा थांबल्या, म्हणाल्या जड आहे हे, अन् मले म्हणाल्या नीट ठेव, ह्यावर त्या पोरीचं आयुष्य आहे. मी कॅन घेतले. तिरपे केले. एकात पांढरा साका, दुसरं नितळ. साका होता त्यातलं पाणी विषाच्या बरणीत ओतलं, त्यात पोट, काळजाचा तुकडा अन् एक मूत्रपिंड टाकलं, नितळ होतं ते दुसऱ्या बरणीत ओतून त्यात हृदय. रक्ताची बारकी कुपी मॅडमनं स्वतः वेगळी भरली होती. चिठ्ठ्या लावल्या. तेवढ्यात रस्त्यावरचा एक अपघात आला, मॅडम तिकडे गेल्या, आम्ही टाके घातले, धुतलं, कपड्यात बांधलं, मयत घरच्याईच्या ताब्यात देल्लं.

मी टेबल धुवायले घेतलं. बरण्या ओट्यावर होत्या. हृदयाच्या बरणीवरून भरताना एक ओघळ भायेर आलता, तो वाळला होता, अन् वाळून पांढरा फटक पडला होता. खडबडीत. मी बोट फिरवलं तं बोटाले कण लागले. फॉर्मॅलिन वाळलं तं असं मीठ ठेवत नाही.  दुसरी बरणी उघडली, तोंड जवळ नेलं, तं डोळ्यातून घळाघळा पाणी. वास मेला असला तरी डोळे मेले नव्हते.

मंग समजलं, म्हणजे मॅडमनं नंतर समजावलं, का फॉर्मॅलिन थंडीत लय दिवस राह्यलं का त्याच्याही तळाशी पांढरा साका बसते. खिडकीपाशी ठेवेल होतं ते. अन् मिठाच्या कॅनमध्ये वामनभाऊनं आदल्या दिवशी मिठाच्या पाण्याचं वरचं नितळ नितळच ओतून ठेवेल होतं, तळाचं मीठ त्यात आलंच नव्हतं. म्हणजे माही रीत बरोबर उलटी झाली.

वामनभाऊ आमच्यातला जुना माणूस, निवृत्तीले आलेला. त्याले सांगतलं. त्यानं दरवाजा लोटून घेतला. म्हणे चूप राय बे गजू, कोणाले समजते? अहवालात येईन का विष मिळालं नाही, नमुना खराब आहे, असे लय अहवाल येतात. तू ठेक्यावरचा माणूस, उद्या गेट बंद होईन तुह्यासाठी, मंग काय गावाले जाऊन ढोरं चारतं काय? अन् माहंही नाव घेशीन, पाणी कोणी ओतलं म्हणून. त्याचं खोटं नव्हतं. मी बसून घेतलं तिथंच, ओल्या फरशीवर. उभं राहून वाचायले लावलं का जशी धडधड होये तशीच. पण मले ते पायरीवर बसेल पोरगी दिसून राह्यली. नमुना खराब म्हणून आला तं तिनं विष देल्लं नाही हे कधीच कोणाले समजणार नाही, जनमभर लोकं म्हणतील का वाचली, सापडली नाही एवढंच. अन् मयत पांढरकवड्याले पोचलं का लगेच चिता. मंग कुठून आणता दुसरं काळीज?

उठलो अन् पळालो. मॅडम अपघातवाल्यापाशी होत्या, हातात मोजे. मी म्हटलं मॅडम, बरण्या उलट्या झाल्या. त्या म्हणाल्या मेल्या, आत्ता सांगतोस? मी म्हटलं आत्ताच समजलं. त्या म्हणाल्या, सांगितलंस ना? बास. गाडी गेली का बघ, नसेल गेली तर आडवा हो.

शववाहिका फाटकातून निघूनच राह्यलती. मी खरंच आडवा झालो बाप्पा, दोन्ही हात पसरून. डायव्हर शिव्या देऊन राह्यला, दिनेश खाली उतरला अन् त्यानं माही कॉलर धरली, म्हणे काय गा, वयनीनं तुले पढवलं काय? पन्नास माणसं जमा झाली. अन् मी, जो वर्गात धडा वाचू शकला नाही तो मी, पन्नास माणसात बोललो का चूक माही आहे, मी पाणी चुकीचं टाकलं, मयत परत आत घ्या लागते, टाके खोला लागतात.  मंग असा गलका झाला का विचारू नका. एकानं चप्पल काढली. तेवढ्यात मॅडम आल्या, मोज्यानिशीच, अन् माह्या पुढे येऊन उभ्या राह्यल्या. त्याईचं डोस्कं माह्या खांद्याले लागे, तं लोकाईले मी दिसतच होतो, पण कोणी पुढे आलं नाही. म्हणाल्या, विभाग माझा आहे, चूक माझी आहे, मी लिहून देते. ह्यानं सांगितलं नसतं तर तुम्हाला भावाचं खरं कारण कधी मिळालं नसतं. तुम्हाला कारण पाहिजे की नुसतं भांडण पाहिजे? दिनेशनं कॉलर सोडली.

मयत परत आत आलं, जमादारसाहेबाच्या समोर. मॅडम म्हणाल्या, जठर गेलं, पण बाकी काळीज आहे, दुसरं मूत्रपिंड आहे, रक्ताची कुपी वेगळी आहे, पुरे. ह्या वेळी मिठाचं पाणी त्याईनं मले नवीन बनवायले लावलं, कॅनवरचं नाव मोठ्यानं वाचायले लावलं, सगळ्याईच्या समोर. मी वाचलं. अडखळत वाचलं. कोणी हासलं नाही. हृदय काढून धुऊन ताज्या फॉर्मॅलिनमध्ये टाकलं. म्हणाल्या, तासाभराचं मीठ आतल्या मासापर्यंत जात नाही, घाबरू नकोस. अहवालातही त्याईनं जे झालं ते जसंच्या तसं लिहलं, लपवलं नाही. वरून चौकशीचं पत्र आलं, तं उत्तर त्याईनं देल्लं, अन् वामनभाऊले अन् मले कोणी बोलावलं नाही.

पंधरा दिवसानं हृदयाचं समजलं. मधली भिंत लय जाड, अन् दुर्बिणीखाली मासाचे धागे असे वेडेवाकडे, जसा मांजरीनं खेळेल दोरा. मॅडमनं मले दुर्बिणीतून दाखवलं. म्हणाल्या, हे जन्मतःच असतं, अशा माणसानं जोर केला की हृदय ताल सोडतं, अन् हे घराण्यात चालतं, भावाला असू शकतं. विषाचा अहवाल लय महिन्यानं आला, काही सापडलं नाही, पण हृदयाचा अहवाल पाहून पोलिसाईनं सविताची चौकशी त्याच्या आधीच बंद केलती. खरी अडचण दिनेशची होती. त्याले पत्र धाडलं, छातीची सोनोग्राफी करून घे म्हणून. आला नाही. दुसरं धाडलं. नाही आला. मॅडम म्हणाल्या, गजानन, तू जा. मी म्हटलं मॅडम, त्यानं माही कॉलर धरलती. म्हणाल्या, म्हणूनच.

गेलो यष्टीनं. वस्तीवर गेलो तं दिनेश अंगणात कुऱ्हाडीनं लाकडं फोडून राह्यलता. मी मनात म्हटलं बाप्पा, हाच तं जोर करायचा नाही. मी म्हटलं कुऱ्हाड ठेव पहिले. त्यानं पाह्यलं, म्हणे तुम्ही ते पाणी चुकेल भाऊ ना? मी म्हटलं हो, मीच. बसलो. त्याच्या बापाचं विचारलं. म्हणे बाप जत्रेतून चालत येत होता, उभ्या उभ्या गेला, देवीचा कोप होता, नवस राह्यला होता. काका? काकाही तसाच, विहीर खणताना. मी म्हटलं देवीले दोष देऊ नको गा, तुमच्या घराण्यात हृदयाची भिंत जाड आहे. त्यानं कुऱ्हाड भिताडाले लावून ठेवली. मंग म्हणे, दवाखान्यातली लोकं खोटं बोलतात असं मी जनमभर समजत आलो, पण तुम्ही त्या दिवशी चूक झाली म्हणून चप्पल खायले उभे होते. आता खोटं कायले बोलसान? येतो मी.

तपासणीत त्याचंही तसंच निघालं. गोळ्या चालू झाल्या, गाडा ओढणं बंद, आता वस्तीवर किराण्याचं बारकं दुकान टाकलं आहे त्यानं, जिता आहे, पोरगी शाळेत जाते त्याची, तिलेही दाखवून झालं. सविता त्याच घरात आहे, जिनिंगमध्ये जाते. निघताना मले चहा तिनंच देल्ला होता. म्हणे भाऊ, तुम्ही गाडी अडवली ना, तवा मी तुम्हाले मनातल्या मनात लय शिव्या देल्या, म्हटलं माह्या नवऱ्याले दोनदा फाडून राह्यला हा मेला. मी म्हटलं बाई, आमच्या मॅडमही मेलाच म्हणतात. ते हासली, अन् हासता हासता पदर तोंडाले लावला. सासू आतून म्हणाली, काय व, साखर बरोबर पडली ना चहात? पडली म्हणे. त्या घरात सासू तिच्याशी लय दिवसानं बोलली होती ते, असं दिनेशनं मले बसस्टॉपवर सांगतलं.

त्याच्यानंतर मॅडमनं मले रोज दुपारी अर्धा तास बसवलं. चिठ्ठ्या वाचायच्या, मोठ्यानं, उभं राहून. पाच वर्षं. आता मी बरणीवरचं नाव वाचल्याशिवाय झाकण लावत नाही, अन् नवीन शिकाऊ डॉक्टर येतात त्याईलेही मीच सांगतो का साक्यावर भरोसा ठेवू नका, नाव वाचा. त्याईले हासू येते, येऊ द्या. मायलेही सांगून टाकलं मी कोणतं काम करतो ते. ते म्हणाली, मले कवाचं माहीत आहे, तुही बायको सांगून गेलती.

मॅडम निवृत्त झाल्या, आपल्या गावाले गेल्या. जाताना विभागातल्या नवीन सरांना त्याईनं अभ्यासाची वही देल्ली, त्यात अशा अचानक गेलेल्या तरण्या माणसाईच्या घराचे पत्ते आहेत, ज्याईच्या भावा-बहिणीले, लेकराईले अजून कोणी सांगतलं नाही का तपासून घ्या. पत्र धाडलं तं लोकं येत नाहीत, ते तं तुम्हाले सांगतलंच. म्हणून सरांची चिठ्ठी घेऊन सुट्टीच्या दिवशी मी जातो. पुसदकडे जातो, तांड्यावर जातो, कुठं पाणी देतात, कुठं हाकलतात, एका ठिकाणी कुत्रं सोडलं. राधा म्हणते, लोकाचा रविवार देवाले, तुमचा रविवार मेलेल्याले. मी म्हणतो नाही व, मेलेल्याचे सहा वार, रविवार जित्याईचा.

मॅडमचा कवा कवा फोन येते. मी काही देऊ केलं तं रागावतात, साडी धाडली तं परत आली. बरोबर आहे, बाईनं माह्यासाठी जे केलं ते साडीनं कसं फिटंन? पण माहं ठरेल आहे. त्या वहीतली अर्ध्याच्या वर घरं झाली, बाकीची मी करतो, हाकलतील तिथं दुसऱ्यांदा जातो, तिसऱ्यांदा जातो. शेवटचं घर झालं का ते वही काखेत घेईन, तीन काय चार गाड्या बदला लागल्या तरी बदलीन, अन् त्याईच्या दारात जाऊन म्हणीन, मॅडम, मोजून घ्या, एकही घर राह्यलं नाही. तवा त्या म्हणतील, मेल्या, आत ये. माहं आयुष्य तेवढं पुरो, मी बाईचं देणं फेडीन म्हणजे फेडीनच.